फुगे आधी, चित्रं नंतर: कॉमिक स्ट्रिपच्या ऑनलाइन साधनांतून वाचन-लेखन

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसरी ते सहावीच्या मुलांचं वाचन-लेखन सुधारावं म्हणून कॉमिक स्ट्रिप बनवण्याची ऑनलाइन साधनं वापरायला घेतली. मुलं रमतात, पण तासभर पात्राचे केस आणि कपडे बदलत बसतात. फुग्यात, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायच्या जागेत, ‘हाय’, ‘चल’, ‘ओके’ यापलीकडे काही येत नाही. मराठी टाइप केलं की अक्षरंही तुटतात. मग साधन कोणतं घ्यावं आणि तास कसा बांधावा?

साधनाची निवड नंतर बघू. आधी तासाचा क्रम बदलायला हवा. साधन उघडलं की मुलापुढे शेकडो पात्रं, पार्श्वभूमी, टोप्या आणि चश्मे येतात. निवडणं हे लिहिण्यापेक्षा सोपं आणि जास्त मजेचं, म्हणून मूल तेच करत राहतं. त्याला रागावून उपयोग नाही. साधन उघडण्यापूर्वी फुग्यातलं प्रत्येक वाक्य कागदावर लिहून, मोठ्याने वाचून, दुरुस्त झालेलं असलं की पडद्यावर करायला फक्त मांडणी उरते आणि तीही ठरलेल्या वेळात.

चाळीस मिनिटांचे दोन तास धरा. पहिल्या तासात पडदा नाहीच. प्रत्येक मुलाला एक कागद आणि त्यावर चार रकाने: चौकट क्रमांक, चित्रात काय दिसतं, कोण बोलतं, काय बोलतं. त्यातली पहिली दहा मिनिटं तोंडी गोष्ट सांगायला, पंधरा रकाने भरायला, दहा जोडीदाराला वाचून दाखवायला आणि उरलेली पाच शब्द मोजायला. दुसऱ्या तासात आधी पंधरा मिनिटं फक्त फुगे आणि मजकूर, मग पंधरा मिनिटं पात्रं आणि पार्श्वभूमी, शेवटची दहा मिनिटं वाचन. फुगे भरल्याशिवाय पात्रांच्या यादीला हात लावायचा नाही, हा एकच नियम कडक पाळला तरी निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी मिटवायला शिक्षकाने दोन पात्रं आणि एक पार्श्वभूमी आधीच ठेवलेला नमुना मुलांना द्यावा. पहिल्या तीन-चार स्ट्रिपमध्ये पात्र निवडण्याची मुभाच नको.

चौकटी किती असाव्यात? दुसरी-तिसरीला तीन, चौथी-पाचवीला चार, सहावीला फार तर सहा. तीन चौकटींत सुरुवात, अडचण आणि शेवट एवढंच बसतं, आणि लहान मुलांना नेमकं तेवढंच शिकायचं असतं. आठ-दहा चौकटी दिल्या की सुरुवात लांबते (उठला, दात घासले, दूध प्यायला, निघाला) आणि गोष्ट सुरू होण्याआधीच तास संपतो. एका फुग्यात आठ ते बारा शब्द, एका चौकटीत जास्तीत जास्त दोन फुगे, आणि निवेदनाची पट्टी असलीच तर एका ओळीची. हे आकडे मी वाचनाच्या सोयीने ठरवलेले आहेत. बाराच्या पुढे गेलं की बहुतेक साधनं अक्षर आपोआप बारीक करतात किंवा फुगा पात्राच्या तोंडावर येतो. मुलाला मात्र ही मर्यादा म्हणजे संपादनाचा पहिला धडा असते. वीस शब्दांचं वाक्य बारात बसवायचं तर काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि सारांशलेखनात दुसरं काय करतात?

आता ‘हाय’, ‘ओके’चा प्रश्न. मुलांना संवाद सुचत नाही असं वाटतं, पण बहुधा त्यांना फुग्याचं काम काय हेच माहीत नसतं. एक खर्डा पाहू. गोष्ट मीना नावाच्या मुलीची आणि तिच्या दप्तराची.

चौकट 1, मीना वर्गात येते: “मी शाळेत आले.”
चौकट 2, दप्तर हलतं: “दप्तर हलले.”
चौकट 3, मीना दप्तर उघडते: “मी दप्तर उघडते.”
चौकट 4, मांजर बाहेर येतं: “हे मांजर आहे.”

शुद्धलेखनाची चूक एकही नाही, तरी वाचण्यासारखं काही नाही. जे चित्रात दिसतं तेच फुगा पुन्हा सांगतो. इथे ‘छान संवाद लिही’ असं सांगून काही होत नाही. तीन प्रश्न विचारावेत: हे चित्रात दिसतंय का? मीना हे कोणाला सांगतेय? ऐकणाऱ्याला काय माहीत नाही? दुसऱ्या प्रश्नाने आपोआप दुसरं पात्र येतं आणि खर्डा असा होऊ शकतो:

चौकट 1, मीना आणि समीर बाकावर. समीर: “दप्तर एवढं कशानं फुगलंय?” मीना: “कशानं म्हणजे? पुस्तकांनी!”
चौकट 2, ध्वनिशब्द: खुडबुड! समीर: “तुझी पुस्तकं... हलतात?”
चौकट 3, दोघं दप्तरावर वाकलेले. फुगा नाही.
चौकट 4, मांजराचं डोकं बाहेर. मीना: “तरीच ही सकाळपासून घरात दिसली नाही!”

मांजर मीनाचंच आहे हे कुठेही लिहिलेलं नाही, वाचणाऱ्याने ते ‘तरीच’ आणि ‘घरात’ या शब्दांवरून ओळखायचं. तिसरी चौकट मुद्दाम मुकी आहे. न लिहिण्याचा निर्णय हाही लेखनाचाच भाग, आणि मुलांना तो फार आवडतो (चारही चौकटी मुक्या करू देऊ नका म्हणजे झालं). दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत काय घडलं हे वाचणारा मनात भरून काढतो. वाचनातला सूचितार्थ शिकवायला यापेक्षा उघडं उदाहरण मिळणं कठीण. पहिली आणि चौथी चौकट दाखवून ‘मधे काय झालं असेल?’ विचारलं की ती मुलं उतारा वाचून जितकं सांगतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त बोलतात.

फुग्याने चित्राची पुनरुक्ती करू नये, हा नियम पहिली-दुसरीला मात्र लावू नका. अक्षरं नुकती जुळू लागलेल्या मुलाला चित्रात मांजर आणि खाली ‘मांजर आलं’ हे हवंच असतं, कारण वाचलेलं बरोबर आहे का हे त्याला चित्रावरून तपासता येतं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की चित्र पाहून अंदाजाने बोलणं म्हणजे वाचणं नव्हे. अक्षर-मात्रांच्या ओळखीची जागा कॉमिक घेऊ शकत नाही. शंका आली तर चित्र हाताने झाकून फुगा वाचायला सांगा, लगेच कळतं.

फुगे कुठे ठेवायचे याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि स्ट्रिप वाचता न येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणून आधी बोलणारा डावीकडे उभा राहिला पाहिजे आणि त्याचा फुगा वर, उत्तराचा फुगा उजवीकडे आणि जरा खाली. मुलं आधी पात्रं ठेवतात, मग उरलेल्या जागेत फुगे कोंबतात. त्यामुळे उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. फुग्यांच्या शेपट्याही एकमेकींवरून जातात. पडद्यावर फुगे पहिल्यांदा ठेवायला लावण्याचं हेही एक कारण आहे. दुसरी चूक म्हणजे पुढच्या चौकटीत पात्रांच्या जागांची अदलाबदल. पहिल्या चौकटीत मीना डावीकडे असेल तर सगळ्या चौकटींत तिला डावीकडेच ठेवा, नाहीतर लहान वाचकाला वाटतं कोणी तिसरंच आलं. पात्र आरशासारखं उलटवण्याचं बटण बहुतेक साधनांत असतं आणि मुलांच्या हाती लागलं की ती थांबत नाहीत.

ओळ कुठे मोडते यावरही लक्ष ठेवा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो. “मी उद्या येणार / नाही” असं मोडलं तर अडखळत वाचणारं मूल पहिल्या ओळीवरच अर्थ ठरवून मोकळं होतं. “मी उद्या / येणार नाही” असं हाताने मोडून द्या. अर्थाचा तुकडा एका ओळीत ठेवायची सवय लागली की त्याच मुलाचं मोठ्याने वाचनही सुधारतं, कारण श्वास कुठे घ्यायचा हे ओळच सांगते.

मराठी अक्षरांबद्दल. इंग्रजी कॉमिकसाठी केलेल्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे साधन चौकोन दाखवतं किंवा भलताच फॉन्ट बदली आणतं. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचे सामाईक संकेत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. तो पुन्हा टाइप करणं किंवा परिवर्तकातून (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढणं, एवढेच मार्ग. मुक्ता, हिंद, बालू आणि नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट चालतात. कलम हस्ताक्षरासारखा आणि दिसायला गोड आहे, पण तिसरीच्या आत मुक्ताच घ्या, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा, वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर 1.3 ते 1.5, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. छापायचं असेल तर लहान मुलांसाठी 18 पॉइंट, मोठ्यांसाठी 14 च्या खाली नको.

कोणतंही साधन वर्गात नेण्यापूर्वी एका फुग्यात ही आठ शब्दांची चाचणी घ्या: वाऱ्यावर, तऱ्हा, प्रश्न, बुद्धी, चिठ्ठी, कॅमेरा, ऑगस्ट, बाळ. पडद्यावर बघा, मग पीडीएफ काढून बघा, मग तीच फाइल फोनवर उघडा. बऱ्याचदा पडद्यावर सगळं नीट असतं आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं सुटी होतात. तसं झालं तर पीएनजी चित्र म्हणून उतरवा. साधन देवनागरी घेतच नसेल तर रिकाम्या फुग्यांसह किंवा फुग्यांशिवाय चित्र उतरवा, ते गूगल स्लाइड्समध्ये टाका आणि मजकूर तिथे लिहा.

साधनांचे ढोबळ तीन गट पडतात. पिक्सटन, स्टोरीबोर्ड दॅट, मेकबिलीफ्सकॉमिक्स यांसारख्यांत पात्रं तयार मिळतात आणि त्यांचे हावभाव बदलता येतात. चित्र काढता न येणाऱ्या मुलाला याचा मोठा आधार असतो, पण शोधायचे शब्द बहुधा इंग्रजीत द्यावे लागतात. हावभावाच्या यादीचा एक चांगला उपयोग करता येतो. चेहरा निवडला की त्याला मराठी नाव द्यायचं. ‘रागावलेला’ नुसतं चालणार नाही. वैतागलेला, खजील, हिरमुसलेला, गोंधळलेला, यांतला नेमका कोणता? दुसऱ्या गटात कॅनव्हा आणि बुक क्रिएटर. चौकटींचे तयार साचे मिळतात आणि देवनागरी चालते. बुक क्रिएटरमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करून पानावर ठेवता येतो, म्हणून मोठ्याने वाचनाच्या सरावाला ते सरस. तिसरा गट म्हणजे साधी स्लाइड्स. गूगल स्लाइड्स किंवा इंटरनेट नसेल तर लिब्रेऑफिस इम्प्रेस. आकारांच्या यादीत संवादाचे फुगे असतात, शेपटी पिवळसर खुणेने ओढता येते. मजकूर मावेना तर अक्षर आपोआप लहान करण्याची सोय बंद ठेवा म्हणजे मुलाला शब्द कमी करावेच लागतात. गूगल स्लाइड्सच्या दुव्यात शेवटी ‘एडिट’ असा इंग्रजी शब्द असतो. त्यापासून पुढचं सगळं काढून तिथे ‘कॉपी’ लिहून दुवा पाठवला की प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते आणि मूळ नमुना कोणी बिघडवत नाही. माझं मत विचाराल तर मराठीसाठी सुरुवात स्लाइड्सपासून करा. दिसायला रूक्ष आहे, पण मुलाचं लक्ष मजकुरावर राहतं.

टाइपिंगचा वेग हा वेगळा अडसर आहे. तिसरीचं मूल मराठी कळफलकावर दहा शब्दांना पाच-सहा मिनिटं घेऊ शकतं. पंधरा मिनिटांचं गणित म्हणूनच तीन चौकटींवर थांबतं. बोलून टाइप करण्याची सोय वापरावी का? गोष्ट रचणं हा हेतू असेल तर जरूर, पण विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ मुलाने स्वतः तपासायचे. शुद्धलेखन हाच हेतू असेल तर नको.

उपक्रमांत सगळ्यात फायद्याचा म्हणजे रिकाम्या फुग्यांची स्ट्रिप. एकच स्ट्रिप सगळ्यांना, चित्रं ठरलेली, फुगे कोरे. नंतर सगळ्यांचं शेजारी शेजारी लावून वाचा. तीच चित्रं आणि दहा वेगळ्या गोष्टी. पुढच्या वेळी बोलणारे बदला: त्याच चित्रात आजी असेल तर वाक्य कसं होईल, बाई असतील तर, धाकटा भाऊ असेल तर? तू आणि तुम्ही, ‘दे’ आणि ‘द्याल का’ हा फरक मुलं व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर पकडतात. घरची बोली फुग्यात आणि प्रमाण भाषा निवेदनाच्या पट्टीत, अशी विभागणीही करून बघा. जी बोली वहीत चूक म्हणून खोडली जाते ती फुग्यात बिनधास्त येऊ शकते. कुठे काय बोलावं हे भान त्यातून येतं.

दुसरा म्हणजे स्ट्रिप उलगडून परिच्छेद लिहिणं. बरेच जण हा टप्पा गाळतात आणि मग वही मात्र तशीच राहिली म्हणून तक्रार करतात. फुग्याला ‘म्हणाली’ लागत नाही, शेपटी सांगते कोण बोललं. परिच्छेदात ते क्रियापद शोधावं लागतं: कुजबुजली, पुटपुटली, खेकसली, विनवू लागली. फुग्याची कड काटेरी असेल तर कोणतं, तुटक रेषांची असेल तर कोणतं? अवतरणचिन्ह याच वेळी शिकवा, कारण फुग्याची कड गेली की तिची जागा तेच घेतं. पाचवीपुढे अप्रत्यक्ष कथनही येऊ द्या. “मला भीती वाटते” याचं ‘आपल्याला भीती वाटते असं ती म्हणाली’ होताना ‘मला’चं ‘आपल्याला’ का झालं, यावर चांगली चर्चा होते. आवाजांची गंमतही इथेच. मराठीत धप्प, टपटप, सळसळ, चर्र, खणखण असे शब्द भरपूर आहेत. साधनातले तयार इंग्रजी ‘बूम’ आणि ‘पॉव’चे शिक्के वापरू न देता मुलांना स्वतःचा शब्द लिहायला लावा.

चौकटी विस्कटून लावायला देणं हा क्रम शिकवण्याचा सोपा उपाय आहे, स्लाइड्सची अदलाबदल केली की झालं. फक्त दोन क्रम बरोबर ठरू शकतात हे लक्षात ठेवा आणि मुलाला कारण विचारा.

तपासताना चित्राला गुण नकोत, नाहीतर सगळा वेळ पुन्हा केसांत आणि कपड्यांत जाईल. चार गोष्टी बघा: क्रम कळतो का, कोण बोलतं ते कळतं का, फुगा चित्रापलीकडे काही सांगतो का, आणि त्या वेळी शिकवलेला लेखनाचा एखादा नियम पाळलाय का. सगळ्या चुका एकदम लाल केल्या की पुढच्या स्ट्रिपला पुन्हा ‘ओके’ येतं. सर्वात उपयोगी तपासणी मुलंच करतात. स्ट्रिप दुसऱ्या मुलाने मोठ्याने वाचायची आणि लिहिणाऱ्याने गप्प राहायचं. वाचणारा जिथे अडला किंवा चुकीच्या पात्राचा आवाज काढला, तिथे खूण करून दुरुस्ती. समजावून सांगायची मुभा दिली की दुरुस्ती होत नाही.

दिसायला अडचण असलेल्या मुलांसाठी एक जोड द्यावी लागते. चित्र म्हणून उतरवलेल्या स्ट्रिपमधला मजकूर पडदा-वाचक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सहसा वाचू शकत नाही. कागदावरचा चार रकान्यांचा तक्ता टाइप करून सोबत दिला की काम होतं, आणि तो तर आधीच तयार असतो.

खाती आणि साठवण. अनेक साधनांच्या अटींत 13 वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. शिक्षकाच्या खात्यातून वर्गाचा कोड देणारी सोय वापरा, किंवा पालकांच्या संमतीने त्यांच्या खात्यातून करा. पात्राला मुलाचं खरं नाव, शाळेचं नाव, स्वतःचा फोटो नको. दुवा पाठवताना तो सगळ्यांना उघडा आहे की फक्त वर्गाला, हे बघून घ्या. साधनं बंदही पडतात. बिटस्ट्रिप्स ही सेवा 2016 मध्ये कंपनी विकली गेल्यावर बंद झाली, टूनडूही नंतर गेलं, आणि मुलांचं तिथलं काम तिथेच राहिलं. म्हणून प्रत्येक स्ट्रिप त्याच दिवशी उतरवून ठेवा, फाइलच्या नावात इयत्ता, हजेरी क्रमांक आणि तारीख, आणि पहिला कागदी खर्डा तिच्यासोबत. वर्षअखेरीला प्रगती बघायची तर त्या खर्ड्यातच दिसते.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रं करून देणाऱ्या साधनांचा मुद्दा, तो हल्ली सगळेच काढतात. चार चौकटींत तेच पात्र तसंच दिसेल याची खात्री नसते, आणि चित्राच्या आत देवनागरी उमटवायला सांगितली तर ती बरेचदा वाचता येत नाही अशी निघते. वापरायचंच असेल तर फक्त पार्श्वभूमीसाठी, शिक्षकाने स्वतः, आणि मजकूर नेहमी वेगळ्या थरावर. गोष्ट आणि फुगे त्या साधनाकडून लिहून घेतले तर स्ट्रिप छान होईल, पण मुलाने एकही वाक्य लिहिलेलं नसेल.